‘100 सामने, 3 लाख डॉलर’: कॉलेज रेफरीच्या कमाईचा चुकलेला हिशेब

अमेरिकेत बास्केटबॉलचा रेफरी होऊ पाहणाऱ्यांमध्ये एक हिशेब फिरतो: डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळाच्या सर्वोच्च पातळीच्या) मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, सामन्याला 3,000 डॉलर, मोसमात 100 सामने, म्हणजे पाच महिन्यांत 3 लाख. मग एनबीएच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, मागे लागायचं कशाला? यावर विसंबून तिशीतली माणसं करिअर ठरवतात, म्हणून तो नीट तपासायला हवा.

‘100 सामने मिळतात.’ मोसम नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात, साधारण 150 दिवस. म्हणजे तीन दिवसांत दोन सामने, तेही बहुतेक वेगवेगळ्या शहरांत. एवढं काम मूठभरांनाच मिळतं, आणि त्यासाठीही अनेक कॉन्फरन्स धराव्या लागतात. नेमणुका कॉन्फरन्सच्या समन्वयकाच्या हातात. एकाच समन्वयकाकडे दोन-तीन कॉन्फरन्स असल्या आणि त्याची मर्जी फिरली, तर निम्मं वेळापत्रक एकदम रिकामं होतं. जानेवारीत पोटरी दुखावली, की उरलेल्या मोसमाचं मानधन शून्य.

‘3 लाख हातात येतात.’ येत नाहीत. हा रेफरी नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. मानधनातच प्रवास धरलेला असेल आणि विमान, हॉटेल, भाड्याची गाडी मिळून सामन्यामागे 600 डॉलर लागले, तर 60,000 तिथेच गेले. उरलेल्यावर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांच्या करांचे दोन्ही वाटे, नोकराचा आणि मालकाचा, त्याचेच: नोकरदार 7.65 टक्के भरतो, हा 15.3 (सोशल सिक्युरिटीला उत्पन्नाची कमाल मर्यादा आहे). आयकर वेगळा. आरोग्य विमा आणि निवृत्तीची तरतूदही स्वतःच्या खिशातून. एनबीएचा रेफरी पूर्णवेळ पगारी असतो आणि त्याच्या अटी संघटना करार करून ठरवते.

‘नंतर कधीही एनबीएत जाता येईल.’ खरी फसगत इथे होते. एनबीएचे नवे रेफरी बहुतांशी जी लीग या एनबीएच्याच दुय्यम लीगमधून येतात, आणि तिथलं मानधन मोठ्या कॉन्फरन्सच्या जवळपासही नाही. शिवाय नजर नव्याने घडवावी लागते. कॉलेजमध्ये उंच बचावपटू बास्केटखाली ठाण मांडून बसला तरी चालतं. एनबीएत कुणालाही हातभर अंतरावरून न अडवता तो 3 सेकंदांहून जास्त तिथे थांबला, तर शिट्टी वाजते. हे सगळं अठ्ठाविसाव्या वर्षी जमतं. चाळिशीत, घराचे हप्ते चालू असताना, फार थोड्यांना झेपतं.

कॉलेजची बाजू खरोखर भक्कम आहे ती दुसरा व्यवसाय असणाऱ्यांसाठी. कॉलेज रेफरी एड हायटॉवर इलिनॉयमध्ये शाळा-जिल्ह्याचे अधीक्षक होते आणि फायनल फोरचे, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांचे, सामनेही करत होते. एनबीएच्या वेळापत्रकात असली नोकरी बसत नाही.