आज २६ जून. फलक धरून फोटो काढणाऱ्यांशी बोलायचं आहे

आज अमली पदार्थविरोधी दिन. सकाळी बेळगावातल्या आमच्या वडगावातून फेरी गेली. शाळेची पोरं, पुढे बॅनर, घोषणा. पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांना सरांनी आणलं, ती आली. माझं डोकं फिरलं ते मागून चालणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या कार्यकर्त्यांना बघून. हातात नशामुक्तीचे फलक, फोटो काढला की लगेच स्टेटसला. आणि गेल्याच आठवड्यात गणपती मंडळाच्या बैठकीत ह्यांनीच एका पोराचं नाव ढोलपथकाच्या यादीतून खोडलं. कारण काय, तर तो नशेच्या गोळ्या खायचा.

खायचा. आता खात नाही. एवढा फरक कळत नसेल तर फलक कशाला धरता?

त्याचं नाव लिहीत नाही, गल्लीतल्यांना कळेलच. वडील लवकर गेले, आई घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरते, पोरगा यंत्रमागावर. रात्रपाळीत उभं राहून पाय दुखतात म्हणून कुणीतरी दुखण्याची गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाचं पाकीट झालं. मग आईच्या पाटल्या गेल्या. शेजारच्या घरातला सिलिंडर गेला. हो, त्यानं चोऱ्या केल्या, ते मी नाकारत नाही. ज्यांचं गेलं त्यांना राग येणारच.

पण पुढचं कुणी बघितलं नाही, मी बघितलंय. कुणाच्या तरी सांगण्यावरून आईनं कर्ज काढून त्याला राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. परत आला तेव्हा आमच्या कट्ट्यावर बसून त्यानं पँट वर केली. घोट्याभोवती कातडी सोलून काळी पडलेली, बांगडीएवढं गोल. खाटेला साखळीनं बांधायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीनं बांधायला साफ मनाई आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारा आजारही त्याच कायद्यात धरलेला आहे. त्या माऊलीला हे कोण सांगणार? तिनं तर पावती घेऊन पैसे भरले होते.

शेवटी तो सुधारला धारवाडच्या सरकारी मानसिक रुग्णालयात. आईला बसचं तिकीट नाही, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आहे म्हणून, फक्त पोराचं काढायचं. तिथं समुपदेशन करणारी बाई कानडी. आईला कानडी बाजारापुरतं येतं. ती बाई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, रडू नका. हे आजार हाय. बीपी हाय तसं हाय." आई हे वाक्य अजून सगळ्यांना सांगते. इतक्या वर्षांत तिच्या पोराला आजारी म्हणणारी ती पहिली. बाकी सगळे काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

ह्या सगळ्यानंतर मी जगात काय चाललंय ते वाचायला लागले. १९७१ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांनी पुढाकार घेतला आणि युरोपातले सात देश ह्या एका विषयावर एकत्र बसले. त्याला पाँपिदू ग्रुप म्हणतात, आज त्यात चाळीसच्या वर देश आहेत. मोरोक्को आहे, मेक्सिको आहे. ह्या देशांची आपसात भांडणं नाहीत? भरपूर आहेत. पण माल सीमा ओलांडून येतो, तर उपचाराचं शहाणपणही सीमा ओलांडून यायला हवं, एवढं त्यांना कळलं. सुरुवात झाली पोलिसी बंदोबस्ताच्या काळजीतून, आज तिथं माणसाच्या हक्कांची आणि आरोग्याची भाषा चालते.

पोर्तुगालचं तर सगळ्यांनी वाचावं. नव्वदच्या दशकात तिथं शंभरात एक माणूस हेरॉइनच्या नादी होता म्हणतात. घराघरात. २००१ पासून त्यांनी स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला कोर्टात उभं करणं बंद केलं. पकडला तर तीन जणांच्या समितीपुढे जायचं, त्यात कायद्याचा, आरोग्याचा, समाजकार्याचा माणूस. आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट ही, की उपचार घेऊन आलेल्याला कामावर ठेवलं तर त्याच्या पगाराचा काही भाग सरकार मालकाला द्यायचं. म्हणजे त्यांना समजलं होतं की गोळी सुटते दवाखान्यात, पण सुटलेली राहते ती कामावर, गल्लीत, चार माणसांत. हल्ली लिस्बन-पोर्तोत रस्त्यावर नशा करणारे परत दिसायला लागलेत अशी ओरड आहे, मान्य. खर्चात काटछाट झाली की असं होणारच.

आपल्याकडेही कायदा अगदीच आंधळा नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४अ आहे. थोडक्या मालासकट सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला तर त्याच्यावर खटला चालत नाही. आमच्या गल्लीत हे किती जणांना माहीत आहे? फेरीत एका तरी फलकावर होतं? दिल्लीच्या एम्स रुग्णालयानं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. बेकायदा ड्रग्जच्या बाबतीत २० जणांत एकाला. बाकीचे कुठे जातात? साखळीला जातात, नाहीतर हिंडलग्याच्या जेलला.

आता आपल्या सीमाभागाबद्दल, आणि हे मी माझ्या माणसांनाच सांगतेय. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो, त्याच्या सायकल फेरीत मी असते. २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे, तो आपल्या हक्काचा आहे, त्यावर मी एक पाऊल मागे घेणार नाही. पण महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना आणली तेव्हा कर्नाटकानं हरकत घेतली. औषधपाण्यावर हरकत! आणि आपल्यातलेही काही जण कानडी दवाखान्याची पायरी चढायला नको म्हणतात. गांजा दोन राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तू कानडी का मराठी असं विचारत नाही. निपाणीचं पोरगं कागलला कामाला, उपचार कोल्हापूरला, घर इकडे. तिकडच्या डॉक्टरांचा कागद इकडे चालत नाही, नव्यानं सगळं सुरू. मधल्या पंधरा दिवसांत तो परत गोळीवर. आणि सोडून काही महिने झालेल्या माणसानं जुन्या मापानं घेतलं तर शरीराला ते झेपत नाही, तो मरू शकतो. मोरोक्को आणि फ्रान्स एका टेबलावर बसतात, तर बेळगाव आणि कोल्हापूरच्या दोन जिल्हाधिकाऱ्यांना ह्या एका विषयावर बसायला काय अडचण आहे? एकमेकांचे कागद ग्राह्य धरा, दोन्हीकडे दोन्ही भाषा बोलणारा एक माणूस ठेवा. ह्याला निकालाची वाट बघावी लागत नाही.

विकणाऱ्यांना सोडा असं मी म्हणत नाही. त्यांना आत टाका, खुशाल टाका.

पथकाचं मात्र मला अजून पचत नाही. यादी लागली त्या रात्री तो आमच्या दारात आला. "काकू, आता काय खाऊलालो नाही, तरी पण नको म्हणालेत." एवढंच. रडला नाही, चिडला नाही. त्यानं चिडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. चप्पल घालून रात्रपाळीला गेला. तिथंही मालकानं महिनाभर बघतो म्हणून ठेवलंय.

ज्यांनी नाव खोडलं ती पोरंही माझ्या डोळ्यांपुढे वाढलेली. वाईट नाहीत. पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आलेली हीच. त्यांना भीती आहे मंडळाचं नाव जाईल, वर्गणी कमी होईल, धाकटी पोरं बिघडतील. भीती मी समजू शकते. पण धाकट्या पोरांना जिवंत उदाहरण कोण दाखवणार? गोळीतून बाहेर आलेला आणि ढोल वाजवणारा पोरगा दिसला तर त्यांच्यातला जो लपून खातो, तो एखादवेळी तोंड उघडेल. आज तो लपूनच राहणार, कारण तोंड उघडलं की यादीतून नाव जातं हे त्यानं बघितलंय.

मंडळाच्या अध्यक्षांना मी टॅग केलंय. दादा, गणपतीला अजून वेळ आहे. पोराला सरावाला बोलवा, पाहिजे तर मागच्या रांगेत उभं करा.

आणि ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी १४४४६ हा नंबर फोनमध्ये ठेवा, सरकारचा आहे, पैसे पडत नाहीत. धारवाडला कसं जायचं, बरोबर कुठले कागद न्यायचे, हे मला इनबॉक्समध्ये विचारा. कानडीची अडचण असेल तर ज्या दिवशी सुट्टी असेल त्या दिवशी मी बरोबर येते. तुमचं नाव माझ्या तोंडून कुठे जाणार नाही.