सबस्क्रिप्शन संपलं की काय होतं, ते दुकानदार सांगत नाही

लहान ऑफिसने डोळे झाकून यूटीएमचा डबा (फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा पहारेकरी, व्हायरस तपासणी आणि वेब फिल्टर, सगळं एकात) घ्यावा, हे लेखातलं मत अर्धंच पटलं. डबा वाईट नसतो, पण खरा खर्च दुसऱ्या वर्षी कळतो. नूतनीकरण चुकलं की वेब फिल्टर आणि व्हायरसच्या याद्या थंड पडतात आणि उरतो एक महागडा राउटर. आमच्या १२ संगणकांच्या करसल्लागार ऑफिसात हे ऐन जुलैत घडलं, रिटर्नच्या गर्दीत!

आता जुन्या डेस्कटॉपवर दुसरं नेटवर्क कार्ड टाकून ओपीएनसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर चालवतोय. पीएफसेन्स या तशाच सॉफ्टवेअरमधून २०१५ साली फुटलेला हा फाटा, फुकट आणि मुक्त स्रोत. बसवायला एक रविवार गेला, शिव्या वेगळ्या.

फिल्टरिंगबद्दल मात्र लेखात मोठी गोष्ट सुटली. आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर असतात, त्यामुळे कूटबद्ध वाहतूक उलगडल्याशिवाय फायरवॉलला फार तर साइटचं नाव दिसतं, आतलं पान नाही. उलगडायचं तर प्रत्येक संगणकावर आपलं प्रमाणपत्र टाका, वर बँकेच्या साइट्स वगळत बसा. लहान ऑफिसला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) पातळीवरचं फिल्टर पुरतं. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या डीएनएसचा १.१.१.३ हा पत्ता मालवेअर आणि अश्लील साइट्स दोन्ही अडवतो, तोही फुकट. फक्त बाहेर जाणारं ५३ क्रमांकाचं पोर्ट (डीएनएसची विचारणा जिथून जाते ते) इतर डीएनएससाठी बंद करा आणि ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' (हीच विचारणा कूटबद्ध करून परस्पर पाठवणारी सोय) पॉलिसीने बंद ठेवा, नाहीतर पोरं बगल देतातच.

आणि लॉग, म्हणजे यंत्रांच्या हालचालींच्या नोंदी? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत १८० दिवस जपून ठेवायला सांगितलंय. कंपनी असाल तर डिस्क घेतानाच तेवढी जागा धरा.