‘म्हातारपणी दोन घास पुरे’ म्हणणाऱ्यांनी एकदा फ्रिज उघडून बघावा

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: ‘साठीनंतर शरीराला फारसं अन्न लागत नाही. एकट्या माणसाला दोन घास पुरे. वजन उतरलं तर चांगलंच. भूक नसेल तर खाऊ नका, शरीर सगळं सांगतं. कमी पडलंच तर गोळ्या आहेत.’ खाली हात जोडलेले चाळीस इमोजी.

‘फारसं अन्न लागत नाही’ हे अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. हालचाल आणि स्नायू घटले की उष्मांक कमी लागतात. पण कॅल्शियम, बी-१२ यांची गरज त्याबरोबर घटत नाही आणि प्रथिनांची तर वाढते. प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं धरतात. २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने पासष्टीपुढे १ ते १.२ ग्रॅम सुचवली. म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. चहात बुडवलेल्या बिस्किटांवर हा हिशेब जुळवून दाखवा. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.)

‘वजन उतरलं तर चांगलंच.’ ठरवून उतरवलेलं वजन वेगळं, आपसूक उतरलेलं वेगळं. सहा महिने ते वर्षभरात काही न करता ५ टक्के वजन गेलं, म्हणजे साठातले तीन किलो, तर तपासणी हवी. माझे मामा एकटे राहतात. त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं, तेव्हा आम्ही सगळे ‘काय फिट झालात!’ म्हणालो. मीसुद्धा. जात होते ते स्नायू. आणि या वयात ते भराभर जातात: एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं.

सगळ्यात घातक वाक्य भुकेचं. शरीर सांगतं खरं, पण म्हातारपणी त्याचा आवाज बसलेला असतो. चव आणि वास मंदावतात, जठर हळू रिकामं होतं म्हणून चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. तहानही कमी जाणवते, त्यात रात्री उठायला नको म्हणून पाणीही मुद्दाम कमी पितात. कवळी टोचते, बद्धकोष्ठ असतो, एखादं औषध भूक मारतं. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं, पण ‘वयच झालं’ म्हटलं की कुणी तपासत नाही. शिवाय माणूस सोबतीत जास्त खातो, हे अभ्यासांतही दिसलंय. एकट्यासाठी कोण भांडी काढणार? मामांच्या फ्रिजमध्ये तीन दिवसांची एकच भाजी होती, वर साय धरलेलं दूध आणि औषधांचा डबा. औषधं मात्र एकही चुकली नव्हती.

गोळ्यांचं म्हणाल तर बी-१२च्या बाबतीत मेसेजवाल्याला अर्धा गुण देते. वयामुळे अनेकांच्या शरीरात ते अन्नातून नीट शोषलं जात नाही, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आणखी कमी होतं. तिथे तपासणी करून गोळी घेणं योग्यच. पण व्हिटॅमिनच्या गोळीत ना उष्मांक ना प्रथिनं. आणि प्रोटीनचं पेय जेवणाच्या तोंडावर दिलं की जेवणच बुडतं. द्यायचं तर दोन जेवणांच्या मधे द्या.

फोनवर ‘जेवलात का?’ विचारू नका, उत्तर कायम ‘हो’च येतं. मी आता ‘आज काय केलं होतं?’ विचारते. पहिल्या दिवशी मामा बराच वेळ गप्प होते.