कार-टी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग: फिरत्या दाव्यांचा प्रतिवाद

‘आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या कार-टी उपचाराने आतड्याचा कर्करोगही एका सलाइनमध्ये बरा होतो, पेशी स्वतःच्याच असल्याने अपाय नाही, चाचणीतले सगळे रुग्ण बरे झाले, तेव्हा ऑपरेशन टाळा,’ असा मजकूर फिरतो आहे. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाच्या पेशी हेरण्याजोगे बदलून परत देणे.

पहिला दावा चुकीचा आहे. आयआयटी-टाटाच्या नेक्सकार१९ या स्वदेशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली, ती बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) काही रक्तकर्करोगांपुरती. त्यातील टी-पेशी ‘सीडी१९’ हे प्रथिन हेरतात आणि ते आतड्याच्या गाठीवर नसते.

‘अपाय नाही’ हा दावा सर्वांत घातक आहे. पेशी रुग्णाच्याच असल्या, तरी त्यांना लक्ष्य आपण नेमून देतो आणि ते लक्ष्य निरोगी अवयवावर असले, तर त्या त्यालाही सोडत नाहीत. सीडी१९च्या उपचारात निरोगी बी-पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, फुप्फुसांवाचून नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या एका रुग्णाला ‘हर२’ हे प्रथिन हेरणाऱ्या सुमारे एक हजार कोटी कार-टी पेशी देण्यात आल्या. पंधरा मिनिटांत श्वास अडखळू लागला आणि पाच दिवसांनी मृत्यू झाला, कारण फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही थोडे हर२ असावे, असा निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर संशोधकांनी ‘जीसीसी’ या आतड्याच्या पेशींवरील प्रथिनाला लक्ष्य म्हणून निवडले, कारण निरोगी आतड्यात ते पोकळीकडच्या बाजूला असते आणि रक्तातून येणाऱ्या टी-पेशींना सहसा सापडत नाही. जीसीसी हेरणाऱ्या कार-टी पेशींच्या चीनमधील छोट्या चाचणीत (२०२४) १५पैकी ६ रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, मात्र जुलाबांचा त्रास बऱ्याच जणांना झाला. ही आशा खरी आहे आणि ती मनापासून जपावी. पण गाठ आकसणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे.

‘सगळे बरे झाले’ ही बातमी बहुधा डोस्टार्लिमॅब या वेगळ्याच औषधाची आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली गुदाशयाच्या कर्करोगाच्या बाराही रुग्णांची गाठ नाहीशी झाली. परंतु ते पेशी नव्हे, प्रतिपिंडाचे औषध होते, सहा महिने दर तीन आठवड्यांनी दिलेले, आणि ज्यांच्या गाठीत डीएनए-दुरुस्तीचा विशिष्ट दोष होता अशांनाच.

आतड्यापुरती मर्यादित गाठ वेळीच काढल्यास दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ऑपरेशन लांबवून ही संधी कोणी दवडू नये. डॉक्टरांना विचारायचेच असेल, तर बायोप्सीवर ‘एमएमआर’ (डीएनए-दुरुस्तीचा वर सांगितलेला दोष शोधणारी) तपासणी झाली आहे का, हे विचारावे.