टीएसएमला एफटीएक्सनं बुडवलं म्हणे. मग तारखा का जुळत नाहीत?

लीग ऑफ लेजेंड्स या पाच-पाच जणांच्या ऑनलाइन व्हिडिओ गेमच्या कुठल्याही गप्पांत टीएसएमचा विषय निघाला की तीच चार वाक्यं पुढे येतात. पहिलं, २०२१ पर्यंत टीएसएम ही उत्तर अमेरिकेतली अजिंक्य टीम होती. दुसरं, एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजकडचे २१ कोटी डॉलर बुडाले आणि टीम रातोरात रस्त्यावर आली. तिसरं, म्हणूनच तिला एलसीएसमधली जागा विकावी लागली. आणि खास आपल्याकडे जोडलेलं चौथं, भारतातली त्यांची पबजी टीमही याच तडाख्यात गेली. गोष्ट सुटसुटीत आहे, तिच्यातल्या खलनायकाला, म्हणजे एफटीएक्सच्या संस्थापकाला, २५ वर्षांची शिक्षाही झाली आहे, त्यामुळे उलटतपासणी करायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

ज्यांनी ही लीग कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अँडी डिन, खेळातलं नाव रेजिनाल्ड, यानं आधी सोलोमिड नावाची गेमरांसाठीची वेबसाइट काढली आणि तिच्यातून २०११ मध्ये टीम सोलोमिड, म्हणजे टीएसएम, उभी राहिली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये झालेल्या पहिल्या विश्वस्पर्धेत ही पोरं तिसरी आली. एलसीएस ही उत्तर अमेरिकेची लीग. तेव्हा वर्षात स्प्रिंग आणि समर असे दोन हंगाम असायचे, आणि शेवटी जगभरच्या टीम्सची विश्वस्पर्धा, म्हणजे वर्ल्ड्स.

आता पहिलं वाक्य, ‘२०२१ पर्यंत अजिंक्य’. यात निम्मं खरं आहे आणि ते निम्मं फार मोठं आहे. २०१३ च्या स्प्रिंगपासून २०१७ च्या समरपर्यंत एलसीएसचे दहा हंगाम झाले. या दहाही हंगामांच्या फायनलमध्ये टीएसएम होती आणि त्यातल्या सहा तिनं जिंकल्या. प्रतिस्पर्धी बदलत गेले, क्लाउड९, सीएलजी, इमॉर्टल्स. समोरची एक टीम तीच राहिली. स्टेडियममध्ये ‘टीएसएम, टीएसएम’ हा घोष मॅच सुरू व्हायच्या आधीच चालू व्हायचा आणि बाकीच्या टीम्सच्या चाहत्यांना त्याचा मनापासून वैताग यायचा.

या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय मालकानं स्वतःविरुद्ध घेतला होता. रेजिनाल्ड टीमचा मालक होता आणि मिड लेनचा, म्हणजे नकाशाच्या मधल्या वाटेचा, खेळाडूही तोच. २०१३ च्या वर्ल्ड्समध्ये टीम गटातच गारद झाल्यावर त्यानं स्वतःला बाहेर बसवलं आणि डेन्मार्कहून ब्येर्गसन नावाचा पोरगा आणला. पुढची सात वर्षं टीएसएम म्हणजे ब्येर्गसन असं समीकरण झालं. आपल्याच जागेवर आपल्यापेक्षा भारी माणूस आणून बसवणारे मालक कुठल्याही खेळात बोटावर मोजण्याइतके.

पण अजिंक्य? घरच्या मैदानावर, हो. वर्ल्ड्सच्या गटसाखळीतून टीएसएम पुढे गेली ती एकदाच, २०१४ मध्ये, आणि उपांत्यपूर्व फेरीत सॅमसंग व्हाइटकडून ३-१ नं हरून परतली. २०१५ मध्ये कॅटोविसची आयईएम ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर वाटलं होतं की आता हे लोक जगाला धडकणार. त्याच वर्षीच्या वर्ल्ड्समध्ये सहापैकी एक मॅच जिंकली. २०१६ ला तीन जिंकल्या, तीन हरल्या, बाहेर. २०१७ ला पुन्हा तीन-तीन आणि टायब्रेकरमध्ये मिसफिट्सकडून पराभव. मिसफिट्स तेव्हा पहिल्यांदाच वर्ल्ड्सला आली होती!

माझ्या मते घसरणीचा महिना कुठला असेल तर तो २०१७ चा नोव्हेंबर. सलग तीन विजेतेपदं मिळवलेली टीम मोडण्यात आली. वर्ल्ड्समध्ये काही होत नाही ना, मग युरोपातली तयार जोडी आणू, हा विचार. जी२ या टीममधून झ्वेन आणि मिथी आले, जंगल या जागेवर खेळायला माइकयेउंग आला. डबललिफ्ट, बायोफ्रॉस्ट आणि स्वेन्स्केरेन गेले. कागदावर हे पटण्यासारखं होतं. तेव्हा चाहत्यांनी टाळ्याही वाजवल्या, हे आता कुणाला आठवत नाही.

डबललिफ्ट टीम लिक्विडमध्ये गेला आणि लिक्विडनं पुढची चारही एलसीएस विजेतेपदं सलग जिंकली. टीएसएम २०१८ च्या स्प्रिंगमध्ये पहिल्यांदा फायनलबाहेर राहिली आणि त्याच वर्षी पहिल्यांदा वर्ल्ड्सलाही मुकली. २०१९ च्या स्प्रिंगमध्ये ती पुन्हा फायनलला आली. सेंट लुईसमध्ये समोर लिक्विड आणि लिक्विडच्या बॉट लेनमध्ये हाच डबललिफ्ट. टीएसएम दोन गेम घेऊन २-० नं पुढे होती, आणखी एक गेम हवा होता. शेवटी निकाल लागला ३-२, लिक्विडच्या बाजूनं. त्या वर्षीही वर्ल्ड्स नाही. एफटीएक्स ही कंपनी २०१९ च्या मे महिन्यात सुरू झाली. म्हणजे ज्या एक्स्चेंजनं टीम बुडवली म्हणतात, ते सुरू होण्याआधीच टीएसएमच्या हातून सलग तीन विजेतेपदं निसटली होती.

याला कुणी २०२० चं विजेतेपद दाखवून उत्तर देईल. द्यायलाच हवं, कारण तो समर भन्नाट होता. डबललिफ्ट परत आला होता. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात गोल्डन गार्डियन्सनं टीएसएमला ३-० नं झोपवलं आणि तिथून लूझर्स ब्रॅकेटमधून, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी देणाऱ्या फेऱ्यांतून, एकेक टीम बाजूला करत टीएसएम फायनलला पोहोचली आणि फ्लायक्वेस्टला ३-२ नं हरवून सातवी ट्रॉफी घेऊन गेली. त्यानंतर शांघाय. लीगविजेती म्हणून वर्ल्ड्सच्या ड्रॉमध्ये पहिल्या पूलमध्ये जागा, म्हणजे गटातली कागदोपत्री सर्वांत वजनदार टीम. गटात जेन.जी, फ्नॅटिक आणि एलजीडी. सहा मॅचेस, सहा पराभव. पहिल्या पूलमधल्या टीमनं सगळ्याच्या सगळ्या मॅचेस हरण्याची ती पहिलीच वेळ. त्या हंगामानंतर ब्येर्गसननं खेळणं थांबवून कोचची खुर्ची घेतली आणि डबललिफ्ट निवृत्त झाला. टीमचा कणा होता तो तिथे संपला. एफटीएक्सचा करार जाहीर व्हायला अजून सहा-सात महिने होते.

दुसरं वाक्य पैशाचं. यात गडबड जास्त आहे. ‘२१ कोटी बुडाले’ हे ऐकलं की वाटतं टीएसएमच्या तिजोरीत २१ कोटी डॉलर होते आणि ते कुणीतरी पळवले. जून २०२१ मध्ये जाहीर झाला तो नावाच्या हक्कांचा करार होता, दहा वर्षांचा. टीमचं नाव टीएसएम एफटीएक्स होणार आणि त्याबदल्यात दहा वर्षांत मिळून २१ कोटी. सरासरी काढली तर वर्षाला २ कोटी १० लाख. एफटीएक्सनं ११ नोव्हेंबर २०२२ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पाचच दिवसांनी टीएसएमनं करार स्थगित केला. म्हणजे सतराएक महिने चाललेला करार. पुढची साडेआठ वर्षं यायचे होते ते पैसे आले नाहीत, आणि हा फटका मोठा होता, नाकारण्यात अर्थ नाही. एवढा प्रायोजक गेल्यावर कुठल्याही कंपनीचं गणित कोलमडतं. पण न आलेला पैसा आणि गेलेला पैसा यांत फरक असतो, आणि टीएसएम एफटीएक्सच्या आधी काही उपाशी नव्हती. २०१८ मध्येच तिनं ३ कोटी ७० लाख डॉलरची गुंतवणूक उचलली होती. गुंतवणूकदारांत बास्केटबॉलवाला स्टीफन करीही होता. लॉस एंजेलिसमध्ये २५ हजार चौरस फुटांचं सराव केंद्र उभं राहिलं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये स्वोर्डआर्ट या सपोर्ट खेळाडूला दोन वर्षांसाठी ६० लाख डॉलर जाहीर झाले. हे सगळं एफटीएक्सचा एक डॉलर यायच्या आधीचं. हात आधीच सैल सुटलेला होता.

टीएसएमनं स्वतः करार स्थगित करताना सांगितलं होतं की आम्ही नफ्यात आहोत आणि एफटीएक्समुळे आमच्या कामकाजाच्या नियोजनावर परिणाम होणार नाही. कंपनीचं निवेदन आहे, चिमूटभर मीठ घालूनच घ्यावं. पण ‘रातोरात रस्त्यावर’ म्हणणाऱ्यांनी निदान ते वाचून तरी खोडून काढावं.

आणि आकडे बघायचेच तर फोर्ब्सची यादी बघा. शांघायच्या त्या सहा पराभवांनंतर दोन महिन्यांत, डिसेंबर २०२० मध्ये, फोर्ब्सनं टीएसएमला जगातली सर्वाधिक मूल्याची ईस्पोर्ट्स कंपनी ठरवलं, ४१ कोटी डॉलर. मे २०२२ मध्ये तोच आकडा ५४ कोटी. त्या स्प्रिंगमध्ये टीएसएम इतिहासात पहिल्यांदाच एलसीएसच्या प्लेऑफलाही पोहोचली नव्हती! मैदानावरची टीम आणि ताळेबंदातली टीम केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या. एफटीएक्सनं विकत घेतलं ते नाव. आणि गंमत म्हणजे एलसीएसमध्ये रायटनं, म्हणजे खेळ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीनं, ते नाव वापरूच दिलं नाही. तिथे टीम टीएसएम म्हणूनच खेळत राहिली. मग टीएसएमच्या करारानंतर दोन महिन्यांनी खुद्द एलसीएसनं एफटीएक्सशी स्वतःचा सात वर्षांचा करार केला. एफटीएक्सचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड गुंतवणूकदारांशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता लीग ऑफ लेजेंड्स खेळायचा, म्हणजे हा खेळ त्याच्या जिव्हाळ्याचा होता असं म्हणायला हरकत नाही.

या चार वाक्यांच्या गोष्टीत एक माणूस कुठेच दिसत नाही याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये डबललिफ्टनं रेजिनाल्डवर उघडपणे दादागिरीचा आरोप केला. रायटनं बाहेरच्या लॉ फर्मकडून चौकशी करवली, आणि जुलै २०२२ मध्ये खेळाडू आणि कर्मचाऱ्यांशी अपमानास्पद, दमदाटीच्या वागणुकीबद्दल त्याला ७५ हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांचं प्रोबेशन लावलं. दंडाची रक्कम त्याच्यासाठी किरकोळ. पण दर हंगामात नवे चेहरे, नवा कोच, पुन्हा नवे चेहरे असं चालू असताना चांगला खेळाडू दोन टीम्समधून निवड करताना काय विचार करेल? २०२१ मध्ये टीएसएमचाच घडवलेला स्पिका समरचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला, तरी टीम वर्ल्ड्सला गेली नाही. पुढच्या वर्षी ब्येर्गसन पुन्हा खेळायला उतरला, तो लिक्विडकडून.

तिसरं, ‘जागा विकावी लागली’. मे २०२३ मध्ये रेजिनाल्डनं एलसीएस सोडणार असल्याचं सांगितलं. त्यानं दिलेलं कारण असं की वर्ल्ड्स जिंकता येईल अशा जगातल्या दुसऱ्या भागातल्या लीगमध्ये जागा शोधायची आहे. ती जागा काही मिळाली नाही, तेव्हा त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. सप्टेंबरात एलसीएसमधली जागा शॉपिफाय रिबेलियन या टीमला गेली. बाहेर आलेला आकडा साधारण १ कोटी डॉलर. २०१८ मध्ये लीगनं फ्रँचायझी, म्हणजे कायमच्या जागा, विकल्या तेव्हा जुन्या टीम्सनी भरलेलं शुल्कही १ कोटीच होतं. पाच वर्षांत जागेची किंमत वाढली नाही. याचा दोष एफटीएक्सवर कसा टाकायचा? टीएसएमची सर्वांत जुनी वैरी सीएलजी एप्रिल २०२३ मध्येच लीगमधून गेली आणि तिची जागा एनआरजीनं घेतली. सीएलजीच्या जर्सीवर एफटीएक्स नव्हतं. तिच्यामागे मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारखी श्रीमंत कंपनी होती. त्याच वर्षाअखेरीस इव्हिल जीनियसेसही बाहेर. खेळाडूंचे पगार फुगलेले, प्रेक्षक आटलेले, आणि फ्रँचायझी विकत घेताना स्वप्न बघितलेला प्रसारण हक्कांचा पैसा आलाच नाही. ही लीगची दुखणी आहेत, ती टीएसएमलाही भोवली.

‘टीएसएम संपली’ हेही सर्रास बोललं जातं. एपेक्स लेजेंड्स हा दुसरा गेम पाहणाऱ्यांना विचारा. करार स्थगित झाल्यावर दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, इम्पीरियलहॅलच्या टीएसएमनं बर्मिंगहॅममध्ये एपेक्सची जागतिक स्पर्धा जिंकली. ज्या महिन्यात एलसीएसची जागा विकली, त्याच महिन्यात.

राहिलं चौथं, भारताचं. याला जास्त शब्द खर्च करायची गरज नाही. २०२० मध्ये टीएसएमनं इथल्या एंटिटी गेमिंगशी हातमिळवणी केली आणि टीएसएम-एंटिटी ही पबजी मोबाइल टीम झाली. जोनाथन, झीगॉड, क्लचगॉड ही नावं आपल्याकडच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांना तेव्हा क्रिकेटपटूंइतकी पाठ होती. त्या जुलै-ऑगस्टमधल्या पबजी मोबाइल वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात ही टीम खेळली. मग २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली आणि त्यात पबजी मोबाइल होतं. ज्या खेळासाठी टीम केली तो खेळच देशात राहिला नाही. पुढे २०२१ मध्ये हे तिघंही गॉडलाइक या दुसऱ्या भारतीय टीमच्या जर्सीत दिसले. बंदी आली तेव्हा टीएसएमच्या नावापुढे एफटीएक्स लागायला अजून नऊ महिने बाकी होते.