ताई, परवानगीच्या नावाखाली आम्ही पैसे खाल्लेले नाहीत

नमस्कार ताई,

काल रात्री दुकान बंद करताना तुमचा रिव्ह्यू वाचला. सगळ्यात आधी माफी मागतो. दिवाळी म्हणजे साडीच्या दुकानाचा वर्षाचा सीझन, आणि त्याच दिवसांत दुभाजकावरच्या ४० पैकी २६ खांबांवरचे तुमचे फलक सहा दिवस गायब होते. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण तुम्ही लिहिलंय की "परवानगीच्या नावाखाली ११ हजार रुपये खाल्ले, बोर्ड उशिरा लावले आणि तीन दिवसांत महापालिकेने उचलून नेले. शेजारच्या दुकानाचे बोर्ड बिनपरवाना लागतातच. फसवणूक आहे, कोणी जाऊ नका." उशीर म्हणालात, राग केलात, ते ऐकून घेतलं असतं. 'खाल्ले' हा शब्द मात्र फार लागला. अकरा वर्षं याच गल्लीत फ्लेक्सचं काम करतोय. पैसे खाल्ल्याचं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागला तरी कृपया शेवटपर्यंत वाचा.

बिल तुमच्याकडे आहे, तरी इथे मांडतो. तीन बाय चारचा फलक, दोन्ही बाजूंनी छपाई, म्हणजे खांबामागे २४ चौरस फूट. ४० खांबांचे ९६० चौरस फूट, १४ रुपयांनी १३,४४० रुपये. फ्रेमचं भाडं ४,८००. चढवणं आणि मुदत संपल्यावर उतरवणं ६,०००. हे झाले २४,२४०. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३६३. आणि परवाना शुल्क ११,५२०. एकूण ४०,१२३.

हे जे ११,५२० आहेत ना ताई, त्यातला एक रुपयाही माझ्या गल्ल्यात आलेला नाही. ते चलनाने महापालिकेत भरलेत. पावतीवर नाव माझं नाही, तुमच्या दुकानाचं आहे. १० ऑक्टोबरला, गुरुवारी दुपारी, महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाच्या (जाहिरात फलकांना परवानगी देणाऱ्या खात्याच्या) जिन्यातच उभा राहून पावतीचा फोटो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. खाली दोन निळ्या खुणा आल्या होत्या. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, तुमच्याही असेल. या रकमेवर मी कमिशन लावलेलं नाही. अर्ज करण्याचे, फेऱ्या मारण्याचेही वेगळे पैसे घेतलेले नाहीत.

आणि फेऱ्या किती असतात ते सांगतो, कारण बाहेरून वाटतं की एक कागद दिला की झालं. दुभाजकावरच्या प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो. ते ४० नंबर लिहून काढायचे, प्रत्येक खांबाचा फोटो काढायचा, नकाशावर खुणा करायच्या. मी स्वतः पहाटे साडेसहाला स्कूटर घेऊन निघालो होतो, कारण नंतर त्या रस्त्यावर गाडी थांबवता येत नाही. मग वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला. मग अर्ज, त्याला फायनल डिझाइनची रंगीत प्रिंट जोडायची. फायनलच लागते, नंतर बदललेली चालत नाही. त्यानंतर चलन, आणि मग परवानगीचं पत्र.

आता उशिराबद्दल. तुम्ही पहिल्यांदा आलात १९ सप्टेंबरला, गणपती जाऊन दोनच दिवस झाले होते. घटस्थापनेपासून, म्हणजे ३ ऑक्टोबरपासून, फलक हवे असं म्हणालात. मी म्हणालो, आठवड्यात डिझाइन द्या, होईल. पहिलं डिझाइन आलं त्यात पैठणी होती. मग तुमच्या दीरांनी फोन केला की पैठणी नको, कांजीवरम घ्या. मग फोटोतली मुलगी बदलली. मग ऑफर २० टक्क्यांवरून 'एकावर एक फ्री' झाली. फायनल फाइल माझ्या हातात आली ५ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी. नवरात्र सुरू होऊन दोन दिवस झाले होते. सोमवारी सकाळी ७ तारखेला अर्ज दिला. १० ला चलन, ११ ला पत्र. हे काम पाच दिवसांत होणं किती अवघड असतं, ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. १२ ला दसरा होता. दसऱ्याला आमच्याकडे मशीनची, शिडीची, पक्कडीची पूजा असते, त्या दिवशी पोरं हत्याराला हात लावत नाहीत. १३ तारखेच्या रात्री ११ ते पहाटे ४ या वेळात ४० च्या ४० फलक चढले. त्यांचेही फोटो पाठवलेत.

आता माझी चूक. ती मी इथे सगळ्यांसमोर लिहितो.

परवानगीच्या फलकावर खाली एक पट्टी असते. दोन इंचाची, पांढरी, त्यावर परवानगी क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, आणि एजन्सीचं नाव. आमच्या डिझाइनरने ती टाकली होती. तुमच्या दीरांनी ती काढायला लावली, कारण पट्टीमुळे साडीचा काठ झाकला जात होता. खरं सांगायचं तर काठ सुंदरच होता, हिरव्यावर सोन्याची कोयरी, आणि तो दिसावा असं मलाही वाटलं. मी म्हणालो, ठीक आहे, पट्टी छापत नाही, वेगळी स्टिकर करून चिकटवतो. इथे मी चुकलो. मी ठाम राहायला हवं होतं. १४ च्या रात्री पाऊस झाला आणि ओल्या फ्लेक्सवरून २६ स्टिकर सुटून गेले.

आणि १५ तारखेला दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. २० नोव्हेंबरला मतदान, आचारसंहिता त्याच क्षणापासून. आचारसंहितेत राजकीय फलक सरकारी जागेवरून २४ तासांत आणि विजेचे खांब वगैरे सार्वजनिक जागेवरून ४८ तासांत काढावे लागतात. तुमचा फलक राजकीय नव्हता, त्याला परवानगी होती. पण रात्री ट्रक घेऊन निघालेली माणसं प्रत्येक फलकाखाली उभं राहून मजकूर वाचत नाहीत, ती खालचा नंबर बघतात. ज्या १४ फलकांवर स्टिकर टिकलं होतं, ते १४ जागेवर राहिले. बाकीचे २६ गेले. त्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांनी त्यांचं काम केलं.

१७ ला सकाळी तुमचा फोन आला तेव्हापासून मी त्याच्याच मागे होतो. परवानगीचं पत्र, पावती, ४० खांबांची यादी घेऊन गेलो. निवडणुकीच्या कामात कुणालाच वेळ नव्हता. जप्त मालाच्या आवारात ढीगभर फ्लेक्समधून आमचे पोरं हिरवा काठ बघून बघून तुमचे फलक ओढून काढत होते. १९ सापडले धड, ७ फाटलेले. ते ७ मी पुन्हा छापले, पट्टीसकट. उरलेल्या १९ वर पट्टी शिवून घेतली, चिकटवली नाही. २२ च्या रात्री सगळे परत चढवले. यातल्या एकाही गोष्टीचा रुपया तुमच्याकडून मागितलेला नाही. वसुबारस २८ ला होती, म्हणजे दिवाळीच्या खरेदीच्या ऐन आठवड्यात तुमचे सगळे फलक खांबांवर होते. आज ६ नोव्हेंबर आहे, आजही आहेत. परवानगी १२ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर अशी आहे. रिव्ह्यूमध्ये याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, याचं वाईट वाटलं.

शेजारच्या दुकानाचं म्हणालात. ताई, बिनपरवाना फलक मीही लावू शकतो, २२ हजारात. त्या भावाने लावणारे आहेत, तुम्हाला कोटेशनही आलं होतं, तुम्हीच दाखवलं होतं. पण महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली बेकायदा फलकांबद्दल निकाल दिला, तेव्हापासून महापालिकांना कोर्टात उत्तरं द्यावी लागतात. फलकावर नाव तुमच्या दुकानाचं, पत्ता तुमचा. गुन्हा दाखल करायला आले तर पहिला फोन तुम्हालाच येणार.

आणि कायदा बाजूला ठेवा. १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच माणसं गेली. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले. आमचे फलक त्यांच्यापुढे रुमालाएवढे आहेत, मान्य. पण तीन बाय चारची फ्रेम सोळा-सतरा फुटांवरून दुचाकीवाल्याच्या अंगावर आली तर काय होईल? घाटकोपरनंतर माझ्या आईने मला विचारलं होतं, तुझं असं काही कुठे टांगलेलं नाही ना. तेव्हापासून प्रत्येक फ्रेमला वरून खालून दोन पट्ट्या आणि नटबोल्ट लावतो, नुसत्या तारेवर काम भागवत नाही.

तुमच्या दुकानासमोरच्याच खांबावर फलक का नाही, हेही तुम्ही लिहिलंय. तो खांब दुभाजकावरचा नाही, महावितरणचा आहे. त्यावरून जिवंत तारा गेल्यात. मी तेव्हाच सांगितलं होतं की तिथे शिडी लावणार नाही. २१ तारखेला रात्री साडेदहाला तुम्ही आमच्या पोराला परस्पर फोन करून 'पाचशे रुपये वर देते, तेवढा एक लाव' असं म्हणालात. तो एकोणीस वर्षांचा आहे, ताई. तो गेला नाही आणि त्याने मला सांगितलं, म्हणून बरं. हे मी लिहिणार नव्हतो. पण फसवणुकीचा शब्द तुम्ही वापरलात, म्हणून लिहावं लागलं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तुम्ही दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर जे बोललात, त्यावर मी काही बोललो नाही. पोरांचा बोनस वाटायचा होता, घरात सण होता, आणि तुमचं नुकसान झालंय हे मनात होतंच. पण काल रिव्ह्यू आल्यापासून एका क्लासवाल्यांनी ठरलेलं काम थांबवलंय. छपाईच्या मशीनचा हप्ता दर महिन्याच्या ७ तारखेला जातो. चार पोरांची घरं यावर चालतात. तुमच्यासारखंच माझंही दुकान आहे, इतकंच म्हणतो.

यापुढे परवानगीची पट्टी छापल्याशिवाय एकही फ्लेक्स मशीनवर जाणार नाही, गिऱ्हाइक कितीही म्हणालं तरी. बाकीही काही सुधारणा करतो आहोत, कामाची माहिती वेळेवर कळवण्याची पद्धत लावतो आहोत.

ज्या २६ खांबांवर सहा दिवस फलक नव्हते, त्यांच्या फ्रेमचं त्या दिवसांचं भाडं हिशोब करून परत देतो, ६२४ रुपये होतात. चढवण्याच्या मजुरीतूनही काही सोडतो, बसून ठरवू. महापालिकेत भरलेले ११,५२० मला परत देता येणार नाहीत, कारण ते माझ्याकडे नाहीत. मूळ पावती आणि परवानगीचं पत्र तुमच्या नावाच्या फाइलमध्ये काउंटरच्या मागे ठेवलंय. झेरॉक्स काढून घेतली आहे, मूळ प्रत तुम्ही घेऊन जा. फाटलेले सात फ्लेक्सही गुंडाळून ठेवलेत, बघायचे असतील तर. सोमवार सोडून रोज सकाळी १० ते रात्री ९ मी दुकानातच असतो.