आज पाणी गढूळ

माझ्या गळाला लागलेली पहिली वस्तू म्हणजे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलवरचं निळं प्लास्टिक.

याला पणजीच्या बाजारातली एक मासळीवाली जबाबदार. जूनचा पहिला आठवडा होता. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद, त्यामुळे बांगड्याचा भाव ऐकून मी जरा कुरकुरलो. ती पाटीवरून मान वर न करता म्हणाली, "परवडना जाल्यार गरी घेवन बांधार बस मरे!" मागच्या दोन बायका हसल्या. अपमान मी गिळला असता, पण हसू गिळता येईना. संध्याकाळी रॉड, रील, ल्यूर म्हणजे रंगीबेरंगी खोटी आमिषं आणि सात खिशांचं जाकीट घेऊनच घरी आलो. "या पैशांत तीन महिने इसवण आला असता," असं ही म्हणाली. तो हिशेब मी आजतागायत तपासलेला नाही. पावसाळ्यातली बंदी यांत्रिक होड्यांना असते. माझ्यासारख्याच्या गळावर बंदी घालायची गरज सरकारला वाटली नसावी, आणि पुढचे सहा आठवडे मी सरकारचा अंदाज अचूक ठरवला.

बांध म्हणजे पणजीहून रायबंदरला जाणारा. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला, लांबी ३ किलोमीटरच्या वर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला जुनी मिठागरं, मधून रस्ता. डिचोलीचा एक गृहस्थ पुढे पाण्यात गळ टाकण्यासाठी आधी तो मागे रस्त्यावर फिरवील, हे काही त्यांनी धरलं नव्हतं. मी फिरवला. मागून पों पों वाजलं. रॉड वाकला, रील कर्रर्र करत सुटलं, आणि मी आनंदाने ओरडलो.

पोदेर उतरला. पाटीवरच्या प्लास्टिकमधून गरी सोडवायला त्याला बराच वेळ लागला, तेवढ्यात चार उंडे, म्हणजे गोल पाव, भिजले. तो रागावला नाही. चार उंड्यांचे पैसे घेतले, भिजलेले उंडे माझ्या हातात दिले आणि जाता जाता म्हणाला, "हाचो मोव काड, शेवट्याक लाय." शेवटो हा गोव्याचा राज्यमासा, आणि त्याला पावाचा मऊ गर आवडतो, ही बांधावर मला मिळालेली पहिली माहिती. फुकट नव्हे, पण मिळाली. दुसरी मिळायला पुढे तीन आठवडे गेले.

कारण कठड्यावर बसलेली पाच माणसं. त्यांच्याकडे रॉड नव्हते. कुणाकडे वेळूची काठी, कुणी नुसतं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेलं. मधोमध टोपीवाले बाब. मूळ पेडण्याचे, वय सत्तरीच्या आसपास, चेहरा तिसरी मुदतवाढ मागायला आलेल्या कर्जदाराकडे बघणाऱ्या बँक मॅनेजरसारखा. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बाब, मासे कसे पकडायचे हो?"

"पाण्यातून," बाब म्हणाले.

यात उद्धटपणा माझा होता, हे कळायला फार दिवस लागले. सत्तर वर्षांच्या माणसाची पन्नास वर्षं मी एका वाक्यात, उभ्या उभ्या मागत होतो, तेही पिशवीतली एक गाठ स्वतः न सोडता. पुढे कधीतरी मी "बाब, ही गरी काळुंदराच्या तोंडाला मोठी होईल का?" असं विचारलं, तेव्हा याच बाबांनी काळुंदराचं तोंड किती लहान, तो आमिष कसं कुरतडतो, गरी केवढी हवी, हे इतक्या तपशिलात सांगितलं की भरती उलटली तरी त्यांचं संपेना. प्रश्नाला आमिष लावावं लागतं. मी नुसती गरीच टाकत होतो.

पण ते नंतर. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारायचे सोडून थेट सल्ले द्यायला लागलो. फोनवर चार दिवस व्हिडिओ बघितले होते. बाबांची गाठ चुकीची आहे, असं मी त्यांना दाखवून दिलं. "असं?" ते म्हणाले आणि चुकीच्या गाठीने दोन सांगट वर काढले. माझ्या बरोबर गाठीला केंड लागला. वर येताच तो फुगून चेंडू झाला. विषारी, खाण्याच्या कामाचा नाही, आणि जीव मुठीत असताना फुगणारा. पाचही जणांनी आधी केंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी काही बोललं नाही, म्हणून जास्त लागलं.

मग तो गुंता.

पावसाळ्यात मांडवीची ओहोटी जोरात असते, पाणी पणजीकडे नुसतं धावतं. ज्याचं शिसं हलकं त्याने पणजीच्या टोकाला, सगळ्यांच्या खाली बसायचं, म्हणजे वाहून गेली तर त्याची एकट्याची दोरी जाते. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मी रायबंदरच्या टोकाला, सगळ्यांच्या वर, रॉडच्या दुकानदाराने दिलेलं चिमूटभर शिसं लावून गळ टाकला. तो वाहत पहिल्याच्या दोरीवर गेला, तिला घेऊन दुसरीवर, आणि मी 'लागला, लागला' म्हणत भराभर रील फिरवलं. वर आलं ते सहा माणसांचं एकत्र कुटुंब. तंगूस, शिसं, गऱ्या, एक ल्यूर, आणि कुणाचं तरी सुंगट, म्हणजे आमिषाची कोळंबी, अजून जिवंत.

शिवी मिळेल या तयारीने मी उभा होतो. ती मिळाली असती तर बरं झालं असतं. पाचही जण मुकाट्याने भोवती बसले आणि पावसात सोडवायला लागले. एकाने छत्री धरली. ती माझ्या डोक्यावरही येईल अशी धरली, हे मला फार लागलं. तासभर गेला. शेवटी मध्ये एक गाठ अशी उरली की ती सोडवणं अशक्य. ज्याच्यामुळे गुंता त्याने आपली दोरी कापायची, एवढं मला एव्हाना कुठूनतरी कळलं होतं. भलेपणाची ही एवढी एकच संधी. मी ब्लेड काढलं, "कापा, माझीच कापा," असं म्हणत मोठ्या मनाने कापलं.

ती बाबांची होती.

शिसं, गरी आणि वीस हात तंगूस मांडवीला अर्पण झालं. बाबांनी उरलेलं तंगूस बाटलीला गुंडाळलं, बाटली पिशवीत टाकली, टोपी सारखी केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या दोन्ही बाजूंना दहा-दहा हात जागा मोकळी राहू लागली. तेवढी ऐसपैस जागा त्या बांधावर दुसऱ्या कुणाला नसेल.

मी तंगुसाचं नवं रीळ नेऊन दिलं. बाबांनी घेतलं. मग बरेच दिवस काही नाही. आणि एका अष्टमीला, पाणी मंद असताना, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो उंडा लावला होतास, त्याचं काय झालं?"

कुठला उंडा? पोदेराचा! तीन आठवड्यांपूर्वीचा. मी म्हटलं, काहीच लागलं नाही.

"मग सांगायला नको?" बाब पहिल्यांदाच तापले. "पोदेर रोज जाताना मला विचारतो, त्या जाकीटवाल्याला शेवटो मिळाला काय. त्याला काय सांगू? नाही मिळाला तरी सांगायचं असतं. नाही मिळाला म्हणजे शेवटे अजून वर आले नाहीत, हे आम्हांला कळतं. तू आपला विचारतोस, घेतोस, जातोस."

आख्ख्या बांधाला माझ्या रिकाम्या बादलीची गरज होती आणि मी ती लाजेने झाकून ठेवत होतो! त्या दिवसापासून मी रोजचं अपयश इमानेइतबारे कळवू लागलो: कुठे बसलो, काय लावलं, काय नाही लागलं. मोकळी जागा दहा हातांवरून सहा हातांवर आली.

त्या सहा हातांवरून बरंच ऐकू यायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी फोनवर भरतीचं कोष्टक उघडेपर्यंत बाबांचं उत्तर तयार. खाजनाच्या मानशीजवळ, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या पाणदरवाजाजवळ, गळ टाकायचा नाही, तिथल्या मासळीचा लिलाव झालेला असतो आणि ज्याने पैसे भरले तो काठी घेऊन येतो. चोणक आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. गोबऱ्याचं नेमकं उलट. त्यामुळे खाडीत कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं देव जाणे, पण मोठ्या चोणकीला बाब अदबीने 'बाय' म्हणतात. सांगटाचा बाप अंडी तोंडात धरून फिरतो आणि तेवढे दिवस काही खात नाही. "म्हणजे गळाला लागला तो एक तर बाई, नाही तर बेजबाबदार बाप," बाब म्हणाले. बांधावरचे सगळे बाप जरा वेळ पाण्याकडे बघत बसले.

एक गोष्ट मात्र कुणीही सांगितली नाही, मीच शिकलो. "काय मिळालं?" हे विचारायचं नाही. आपसांत जे सांगायचं ते ज्याचं त्याने आपणहून, पाणी उतरल्यावर. विचारणं म्हणजे पगार विचारणं. आणि रस्त्यावरच्या कुणी विचारलंच, तर उत्तर एकच: "कसलं काय, आज पाणी गढूळ." बादलीत मासा धडाधड शेपटी आपटत असला तरी.

आषाढातल्या एका सकाळी मला चोणक लागला. हातभर. रॉड वाकला, मी ओरडलो नाही. आजूबाजूच्या पाचही जणांनी न सांगता आपापल्या दोऱ्या वर घेतल्या, जागा करून दिली, आणि मासा बादलीत पडताच परत टाकल्या. बस्स. कुणी वळून बघेना. बादली वाजत होती. मी खाकरलो. बादली उगाच या बाजूची त्या बाजूला केली. जाकिटाचे सातही खिसे तपासले. पाणी उतरायला अजून दोन तास होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी "काय मिळालं?" विचारावं असं वाटत होतं. भर पावसात घसा कोरडा पडला.

तेवढ्यात छत्री घेऊन फिरायला निघालेले एक गृहस्थ थांबले. कठड्यावरून वाकून चक्क माझ्या बादलीत बघायला लागले. "काय हो, काय मिळालं?"

पाच माना त्यांच्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं.

"कसलं काय," मी म्हणालो, "आज पाणी गढूळ."

गृहस्थ बादलीकडे, मग माझ्याकडे बघत निघून गेले. बाबांनी आपली बादली उचलली, चार हात सरकले आणि माझ्या शेजारी ठेवली.